माल निघालाय

'निघणे' या क्रियापदाचे अर्थ शब्दकोशात शोधू नयेत. त्यासाठी भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्याच्या पर्चेस खात्यात सकाळी सव्वानऊला येऊन बसावं. फोनवर पलीकडून 'माल निघालाय साहेब' असं ऐकू आलं, की माल तयार आहे पण गाडी मिळालेली नाही. 'निघालाच म्हणून समजा' असेल, तर माल अजून मशीनवर आहे. 'निघतोच आहे' याचा अर्थ मशीनवर दुसऱ्याच कोणाचा तरी माल आहे. आणि 'निघायला पाहिजे होता खरं तर' हे ज्याच्या कानावर पडलं त्याने ओळखावं, की आपली पर्चेस ऑर्डर आत्ता या क्षणी चहाच्या कपाखालून सापडलेली आहे.

मी अशाच एका खात्याचा प्रमुख आहे. व्हिजिटिंग कार्डावर 'हेड, सोर्सिंग अँड प्रोक्युअरमेंट' असं भारदस्त छापलेलं असलं, तरी माझ्या कोथरूडच्या आत्याने त्याचं मराठी 'कंपनीने त्याला बाजारहाटाला ठेवलाय' असं केलेलं आहे. इतक्या वर्षांत मला त्याहून बरं मराठी सुचलेलं नाही.

आम्ही गाड्यांच्या इंजिनांचे पंप बनवतो. आमच्या एका पंपाला चौतीस सुटे भाग लागतात. त्यांतले तेहतीस हजर असले तर जे काही तयार होतं त्याला पंप म्हणत नाहीत, शॉर्टेज म्हणतात. चौतिसावा आणणं हे आमचं काम. तो वेळेवर आला तर त्याचं श्रेय प्रॉडक्शनच्या प्लॅनिंगला, स्वस्त मिळाला तर ते बाजार पडल्यामुळे, आणि उशिरा आला किंवा महाग पडला तर मात्र 'पर्चेसवाले काय करतात?'

माझ्या टीममध्ये सहाजण आहेत. त्यांना आईवडिलांनी ठेवलेली नावं आहेत, पण ती फक्त पगारपत्रकात वापरतात. एरवी जो जे विकत घेतो, तेच त्याचं नाव. 'मी कास्टिंग बोलतेय', 'बेअरिंगला जरा खाली पाठवा', 'हार्डवेअर आज डब्यात काय आणलंय?' अशी आमची भाषा. गेल्या वर्षी रबरला मुलगी झाली तेव्हा सगळ्या फ्लोअरवर बर्फी वाटली, आणि त्या वाक्यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही.

टीमचं नेतृत्व म्हणजे काय, यावर कंपनीने मला दोन दिवसांच्या निवासी शिबिराला लोणावळ्याला पाठवलं होतं. तिथे दूरदृष्टी वगैरे गोष्टी सांगितल्या. प्रत्यक्षात माझं नेतृत्व एवढंच: सहाजणांनी सकाळपासून फोनवर ऐकलेल्या थापांपैकी आज कोणत्या खऱ्या धरायच्या, ते मी ठरवतो. त्या निर्णयावर लाईन चालते किंवा थांबते.

आता कास्टिंगची गोष्ट. ओतीव भाग म्हटले की कोल्हापूर. उसाला पाणी पाजायला ऑईल इंजिनं बनवता बनवता त्या गावाला ओतकामाचा हात बसला, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातून निम्म्या पुण्याची कास्टिंगं येतात. आमच्या पंपाचं हाऊसिंगही तिकडूनच येतं. काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी लाईनला दुपारपर्यंत पुरतील एवढीच हाऊसिंगं उरली होती. शॉर्टेज मीटिंगमध्ये प्रॉडक्शनच्या साहेबांनी टेबलावर पेन आपटायला सुरुवात केली, तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकून फाउंड्रीच्या मालकांना लावला.

"काय सांगायचं साहेब," मालकांचा आवाज पडलेला. "गाडी खंबाटकी घाटात बसलीय. एक्सलच तुटला. पहाटेपास्नं ड्रायव्हर तिथंच बसून हाय बिचारा."

मीटिंगमध्ये शांतता पसरली. प्रॉडक्शनच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला तर इतकं भरून आलं, की ड्रायव्हरच्या नाश्त्याची काही सोय झाली का, असंही मी विचारून बसलो. तेवढ्यात आमची कास्टिंग, जी मूळची कराडची आहे आणि तोवर वहीत काहीतरी खरडत होती, तिने मान वर न करता विचारलं:

"काका, गाडी कोल्हापूरहून पुण्याला येतीय न्हवं?"

"व्हय की."

"मग घाटात कशी?"

पलीकडे पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. या मार्गाने जे जातात त्यांना वेगळं सांगायला नको. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी गाडी खंबाटकीचा घाट चढते. साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्या गाडीला घाट लागतच नाही, तिच्यासाठी बोगदा आहे. म्हणजे कोल्हापूरची गाडी खंबाटकी घाटात सापडायची असेल, तर ती आधी पुण्याला पोचून, माल उतरवून, परत निघालेली असायला हवी. आणि तसं असेल तर हाऊसिंगं आमच्या स्टोअरमध्ये पडलेली असायला हवी होती.

मालकांना दोनच सेकंद लागले. "ताई, त्येच तर सांगतोय. रिकामी गाडी अडकलीय. तीच इथं येऊन भरायची हुती."

याला म्हणतात व्यवसायातला अनुभव. आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, की ती थाप होती की खरोखरच एक रिकामी गाडी घाटात एक्सल मोडून पडली होती. लाईन मात्र दुपारी दीडला थांबली. त्या एप्रिलमध्ये कास्टिंगला बढती मिळाली. मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'पुरवठादारांच्या भौगोलिक स्थितीचे उत्तम ज्ञान' असं मी लिहिलं होतं.

2018 मध्ये ई-वे बिल आलं, तेव्हा आम्हाला वाटलं की 'निघालाय'चा जमाना संपला. बिलाचा नंबर मागायचा, निघाल्याची तारीख-वेळ समोर. नंतर फास्टॅग आला. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, गाडी कुठल्या नाक्यावरून गेली याचे मेसेज मालकाच्या फोनवर. पण सरकारी व्यवस्थेला शरण जाईल तो सप्लायर कसला! आता बिल सोमवारी निघतं आणि गाडी मंगळवारी. त्याला कायद्याचाही आधार आहे. हल्ली बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असते, आणि कोल्हापूर ते पुणे अंतर त्याहून थोडंसंच जास्त आहे. ते थोडंसं आम्हाला पूर्ण एक दिवसाला पडतं.

जवळचे सप्लायर बरे, असं कोणाला वाटेल. आमचे निम्मे सप्लायर भोसरीतच आहेत, चालत जाता येईल इतके जवळ. कोणे एके काळी मोठ्या कारखान्यात टर्नर किंवा फिटर असलेल्या माणसाने नोकरी सोडून एक लेथ घेतली, मग दुसरी घेतली, आणि त्या शेडचं नाव मुलीच्या किंवा कुलदैवताच्या नावावरून ठेवून मागे 'इंजिनिअरिंग वर्क्स' किंवा 'एंटरप्रायझेस' जोडलं, असा या गल्ल्यांचा इतिहास आहे. पत्ते अजून जुनेच. टेल्कोचं टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, तरी रस्ता टेल्को रोडच. माल आणणारी कुठलीही गाडी टेम्पोच, मग ती कोणी का बनवलेली असेना. बजाज टेम्पोने मूळ जर्मन टेम्पो इथे आणला, 2005 मध्ये त्या कंपनीचंही नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, शब्द मात्र राहिला. टेम्पो म्हणजे गती म्हणे. टेल्को रोडवर संध्याकाळी सहा वाजता उभं राहून हे आठवावं.

पण लाईन थांबवण्याची खरी ताकद कास्टिंगमध्ये किंवा बेअरिंगमध्ये नसते. ती वॉशरमध्ये असते. आमच्या शास्त्रात वस्तूंचे तीन वर्ग करतात. महागड्या, मोजक्या वस्तू ए वर्गात, मधल्या बी वर्गात, आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही अशा पैशापैशाच्या वस्तू सी वर्गात. मोठे साहेब ए वर्गावर नजर ठेवतात, त्यामुळे ए वर्ग कधी संपत नाही. सी वर्गावर कोणाचीच नजर नसते, त्यामुळे तो नेमका महिनाअखेरीला संपतो.

तसा एकदा सहा मिलीमीटरचा स्प्रिंग वॉशर संपला. चार महिन्यांचा साठा आहे असं सिस्टिम म्हणत होती. स्टोअरच्या रॅकवर मात्र रिकामा पुठ्ठ्याचा खोका आणि एक पाल होती. हार्डवेअरला ताबडतोब दुचाकीवरून रविवार पेठेत, बोहरी आळीत पिटाळलं. तो तिथे पोचला तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पुण्यातल्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही, पण बाहेरगावच्यांसाठी सांगतो.

दुकानदार शटरची दांडी हातात घेऊन उभे होते. हार्डवेअरने सांगितलं, पाच हजार वॉशर हवेत.

"पाच हजार? कशाला?"

पाच हजार वॉशर घेणाऱ्या माणसाने ते कशाला घेतले हे दुकानदाराला सांगितलंच पाहिजे, असा पेठेतला नियम असावा. हार्डवेअरने कंपनीचं नाव, पंप, लाईन, चाकणचं गिऱ्हाईक, सगळं सांगितलं.

"कुठल्या मेकचे?"

"कुठलेही चालतील हो."

"कुठलेही आम्ही ठेवत नाही."

आमचा हार्डवेअर वर्षाकाठी कोट्यवधींची खरेदी करतो. सप्लायर त्याला खुर्ची देतात, चहा देतात, जाताना गेटपर्यंत सोडायला येतात. त्या दिवशी तो अर्ध्या उघड्या शटरखाली ओणवा होऊन 'काका, तेवढं बघा ना' म्हणत होता. वॉशर मिळाले. रोख द्यावे लागले. बिल चारनंतर मिळेल असं उत्तर आलं.

वॉशर दुपारी दोनला कंपनीच्या गेटवर होते. लाईन सुरू झाली रात्री आठला. कारण बाजारातून आणलेला वॉशर वापरायचा तर डेव्हिएशनचा कागद लागतो, त्यावर क्वालिटी, डिझाईन, प्रॉडक्शन, पर्चेस आणि प्लँट हेड अशा पाच सह्या लागतात, आणि क्वालिटीच्या साहेबांना वॉशरचं टेस्ट सर्टिफिकेट हवं होतं. बोहरी आळीतल्या त्या काकांकडे सर्टिफिकेट मागायला परत जा, असं मी हार्डवेअरला सांगितलं असतं तर त्याने राजीनामा दिला असता. मी सांगितलं नाही. नेतृत्वाचा हाही भाग आहे.

आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक वस्तूपुढे 'लीड टाईम' लिहिलेला असतो: ऑर्डर दिल्यापासून किती दिवसांत माल येईल. सात दिवस, दहा दिवस, एकवीस दिवस. ही सिस्टिम बनवणाऱ्यांना चैत्रातल्या जत्रा माहीत नव्हत्या. आमच्या खात्यात म्हणून संगणकाशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे, आणि दोघांत मतभेद झाले तर कालनिर्णयाचं मानतो. गुरुवारी औद्योगिक सुट्टी. ज्येष्ठ-आषाढात देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या की रस्ते वळवलेले, आणि वळवलेच पाहिजेत. गणपतीत कोकणातले फिटर गेले की गौरी-विसर्जनाखेरीज परतत नाहीत. खंडेनवमीला लेथला झेंडू वाहिलेला, हळदकुंकू लागलेलं, तिला कोण हात लावणार? भाऊबीज झाली, आता कामाला लागू म्हणावं, तर फाउंड्रीतले बिहारचे कामगार छटपूजेला गावी. ते परत येईपर्यंत लग्नसराई. हे सगळं वजा केलं की उत्पादनाला उरतात ते दिवस, आणि त्या दिवसांत लाईट जाते.

यावर उपाय म्हणजे साठा करून ठेवणं. पण जपान्यांनी जस्ट इन टाईमची कल्पना काढली आणि आमचे फायनान्सचे साहेब तिच्या प्रेमात पडले. टोयोटाच्या गावात सप्लायर हाकेच्या अंतरावर असतात हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. आमचा जस्ट इन टाईम चाकणला जाताना मोशीच्या सिग्नलला उभा असतो. साठा गोदामात नको म्हणालात ना, मग तो पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. भाडं लागत नाही.

साठ्यावरून आठवलं. आमच्या नोटीस बोर्डावर कास्टिंगने एका जुन्या पत्राची झेरॉक्स लावली आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या लष्करी तळावरच्या अंमलदारांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र. रयतेला त्रास देऊ नका, यासाठी ते सगळे वाचतात, आणि बरोबरच आहे. पण पर्चेसच्या माणसाने ते वाचलं की त्याच्या अंगावर वेगळाच काटा येतो. पावसाळ्याकरता ठेवलेलं दाणागोटा-गवत आत्ताच उधळलंत, तर पुढे घोडी मरतील, आणि मग तुम्ही लोकांच्या घरात शिरून मागायला लागाल, असा त्यातला धाक आहे. साठा कोणी, कोणत्या हंगामासाठी, किती राखायचा, हे त्यात आहे. इतकंच काय, पेटती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, हेही आहे. स्टोअरमध्ये विडी ओढणाऱ्यांसाठी यापलीकडे आणखी काय लिहिणार? फायनान्सच्या साहेबांनी ते पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि 'पण इन्व्हेंटरी टर्न काय होता?' असं विचारलं.

थापा फक्त पलीकडून येतात, असं मात्र कोणी समजू नये. 'चेक सहीला गेलाय', 'साहेब टूरवर आहेत', 'या शुक्रवारी नाही, पुढच्या' ही वाक्यं माझ्याच टीमची आहेत, आणि ती त्यांना मीच शिकवली आहेत. छोट्या उद्योगांचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावेत, नाहीतर व्याज द्यावं, असा कायदा 2006 पासून आहे. व्याज मागणारा सप्लायर मी तरी पाहिलेला नाही. मागेल कसा, पुढची ऑर्डर आमच्याकडेच आहे. मग आयकराच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि 2023-24 पासून असे पैसे वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्चच धरता येईना. त्या मार्चमध्ये आमच्या अकाउंट्सने जन्मात पहिल्यांदा सप्लायरांना आपणहून फोन केले: तुमचं बिल राहिलंय, घेऊन जा. जे ब्लॉकमधले आमचे एक जुने जॉबवर्कवाले तर दुसऱ्या दिवशी घाबरेघुबरे होऊन माझ्यासमोर उभे.

"साहेब, खरं सांगा. कंपनी बंद होतीय का?"

"का हो?"

"पैसे वेळेवर आले."

त्यांना चहा पाजून, समजूत घालून परत पाठवलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्ही फोनवर म्हणतो 'पेमेंट निघालंय', ते म्हणतात 'माल निघालाय'. पेमेंट आल्याशिवाय त्यांच्याकडे कच्चा माल घ्यायला पैसे नसतात. माल आल्याशिवाय आम्हाला पंप विकून पैसे मिळत नाहीत. दोघंही निघालेले, दोघंही जागेवर. आणि तरी दर महिन्याला हजारो पंप तयार होऊन जातात, हे कसं काय, ते मला अकरा वर्षांत कळलेलं नाही. घासाघीस करायला शिकवणारे लोक यातलं काही शिकवत नाहीत. त्यांचा सगळा भर टेबलावर, कोण कसा बसतो, आधी आकडा कोण बोलतो यावर. हाऊसिंगचा साचा आमच्या मालकीचा आहे, त्यावर आमचं नाव कोरलेलं आहे, पण तो ज्या शेडमध्ये आहे तिचं कुलूप फाउंड्रीवाल्यांचं आहे. यात टेबल कुठे येतं?

ऑडिटरांना मात्र दर वर्षी तीन कोटेशनं लागतात. मागे पॅकिंगने पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी तिघांची मागवली. तीन वेगळ्या कंपन्या, तीन लेटरहेड, तीन शिक्के, आणि तिन्हींत 'डिलिव्हरी'चं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं. पॅकिंग बिचारा घाम पुसत माझ्याकडे घेऊन आला. ऑडिटरांनी कागद मोजले, तीन भरले, टिक केली.

हे लिहितोय तो रविवार आहे, रात्रीचे साडेनऊ. उद्या सकाळच्या पाळीला लाईनवर 180 हाऊसिंगं आहेत, म्हणजे जेमतेम जेवणाच्या सुट्टीपर्यंतची. फाउंड्रीवाल्यांचं पेमेंट शुक्रवारी खरोखरच निघालं, युटीआर नंबर मी स्वतः पाठवला. मघाशी त्यांचा फोन आला होता. माल निघालाय.

तेव्हा एक विनंती. आज रात्री कोणी त्या मार्गावर असेल, आणि शिरवळच्या आसपास एखाद्या ढाब्यासमोर एमएच 09 पासिंगचा, निळी ताडपत्री बांधलेला ट्रक उभा दिसला, तर ड्रायव्हर जेवत असेल तर जेवू द्या, झोपला असेल तर उठवू नका. फक्त ट्रकचं तोंड पुण्याकडे आहे की कोल्हापूरकडे, तेवढं मला कळवा.